मोडीत न गेलेल्या गोष्टी

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, एका काचेच्या कपाटात, कापसाचे पांढरेशुभ्र बोळे ठेवले आहेत. मऊ, लवदार, आत्ताच कुणी पिंजून ठेवावेत असे. आमच्या धाकट्याने काचेला नाक लावलं आणि विचारलं, “आई, इथे कापूस कशाला ठेवलाय?”

तो कापूस नव्हताच. तो दगड होता. ओकेनाइट नावाचं खनिज. केसाहून बारीक अशा हजारो स्फटिकांच्या सुया एका केंद्रातून चहूबाजूंनी फुटलेल्या, म्हणून तो बोळा दिसतो. आणि असा दगड शोधायला सातासमुद्रापार जावं लागत नाही. आपल्याच महाराष्ट्राच्या काळ्या कातळाच्या पोटात तो वाढतो.

आम्ही नाशिकहून कोल्हापूरला एका लग्नाला निघालो होतो. सरळ गेलो असतो तर एका दिवसाचा रस्ता. पण मुलांना सुट्टी होती, माझी आई सोबत होती, म्हणून आम्ही त्या एका दिवसाचे तीन दिवस केले आणि वाटेवरची काही संग्रहालयं ठरवली. गर्दीची, नावाजलेली नव्हे. ज्यांच्याविषयी ‘तिथे काय बघायचंय?’ असं लोक विचारतात अशी. बारा वर्षांच्या लेकीने एका वहीत तीन प्रश्न लिहून घेतले. प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि तिला हे तीन प्रश्न विचारायचे: तू कशाची आहेस? तू कुणाच्या हातातली? आणि इथवर कशी आलीस?

ओकेनाइटच्या बोळ्याला धाकट्याने पहिला प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर थेट साडेसहा कोटी वर्षं मागे गेलं.

ढोकळ्याची जाळी आणि दगडातली फुलं

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हा वाहू लागला. एका डोंगराच्या तोंडातून उसळून थांबलेला हा उद्रेक नव्हता. लाव्हा पसरायचा, थिजायचा, मध्ये काही काळ जायचा, मग त्याच्यावर दुसरा थर यायचा. असे थरावर थर बसत गेले आणि काळ्या बेसाल्टचं एक अवाढव्य पठार तयार झालं. आजही हा खडक जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिम घाटाच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. भूशास्त्रात त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या ‘पायरी’वरून आला. सह्याद्रीचा कुठलाही कडा लांबून बघा. एकावर एक रचलेल्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर.

आता त्या लाव्हात वायू कोंडलेला असतो. लाव्हा वर येतो तसा त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि वायूचे बुडबुडे फुगू लागतात. ते पुरते निसटायच्या आतच वरचा भाग थिजतो. ढोकळ्याला जाळी पडते ना, अगदी तशी दगडाला जाळी पडते. कुठे मोहरीएवढं छिद्र, कुठे नारळाएवढी पोकळी, तर कुठे माणूस वाकून आत जाईल एवढी गुहा. विहिरी खणणारे अशा जाळीदार, ठिपक्याठिपक्यांच्या खडकाला ‘मांजऱ्या’ म्हणतात.

पुढचं काम पाण्याने केलं. खडकाच्या फटींतून गरम पाणी झिरपत राहिलं. वाटेत त्याने खडकातलं कॅल्शियम, सोडियम, सिलिका असं थोडंथोडं विरघळवून घेतलं आणि या रिकाम्या खोल्यांत आणून सोडलं. लाव्हा थिजून गेल्यावरही लाखो वर्षं हे चाललं होतं. स्फटिकाला सुंदर व्हायला दोन गोष्टी लागतात: वाढायला मोकळी जागा आणि भरपूर वेळ. बंद पोकळीत त्याला दोन्ही मिळालं. म्हणून अंधारात, कुणीही पाहत नसताना, तिथे अपोफिलाइटचे पाण्यासारखे पारदर्शक आणि फिकट हिरवे मनोरे उभे राहिले. स्टिलबाइटचे पीच रंगाचे पंखे उलगडले. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुयांचे झुबके फुटले.

आणि कॅव्हनसाइट! लेकीने हाच निवडला. पांढऱ्या स्फटिकांच्या गालिच्यावर गडद निळी, गोल, मोरपिसाच्या डोळ्यासारखी फुलं. त्याचं नाव त्याच्या घटकांवरूनच पडलं आहे: कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका. हा निळा रंग व्हॅनेडियमचा. जगातले सर्वांत देखणे कॅव्हनसाइट कुठे मिळतात? पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत. आपण ज्या वाघोलीतून नगर रस्त्याने शंभरदा जातो, तिथे.

या खनिजांतला एक मोठा गट म्हणजे झिओलाइट. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा एक दगड ज्योतीवर धरला आणि तो उकळल्यासारखा फसफसला. त्याच्या अंगातलं पाणी वाफ होऊन निघत होतं. म्हणून ग्रीक शब्द जोडून त्याने नाव दिलं ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड. गंमत अशी की पाणी निघून गेलं तरी दगडाचा सांगाडा ढासळत नाही. आत रेणूंच्या मापाची भुयारं तशीच उभी राहतात. झिओलाइट ही रेणू चाळायची चाळण आहे. करोनाच्या दिवसांत घराघरांत जे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले, त्यांच्या पोटात कारखान्यात बनवलेले झिओलाइटचेच दाणे होते. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. सह्याद्रीचा दगड जे गुपित कोट्यवधी वर्षं पोटात घेऊन बसला होता, त्याच गुपितावर माणसांचे श्वास चालले.

दुसरा प्रश्न: तू कुणाच्या हातातला? याचं उत्तर विहिरी खणणाऱ्यांच्या आणि खाणमजुरांच्या हाताशी जातं. सुरुंगानंतर फुटलेल्या दगडात एखादी पोकळी चमकते. कुणी थांबून तो तुकडा बाजूला ठेवला तर तो टिकतो. नाहीतर बाकीच्या दगडांबरोबर यंत्रात जातो आणि त्याची खडी होते. के. सी. पांडे यांनी असे तुकडे वर्षानुवर्षं जमवले आणि सिन्नरला त्यांचं ‘गारगोटी’ हे संग्रहालय उभं केलं. लहानपणी आपण सगळ्यांनीच गारगोट्या वेचून खिशात भरल्या आहेत. संग्रहालयाला याहून योग्य नाव सुचलं नसतं.

बाहेर पडून पुण्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा धाकटा बराच वेळ खिडकीतून खाली बघत होता. मग म्हणाला, “या रस्त्याच्या खडीत पण निळी फुलं असतील का?” असतीलही कदाचित.

एका अडकित्त्याची किंमत

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात, बाजीराव रस्त्याला लागून असलेल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. इथे राजांच्या तलवारी किंवा रत्नजडित मुकुट बघायला कुणी येत नाही. इथे आहेत दिवे, कुलपं, दौती, पानाचे डबे, कंगवे, दरवाजे, वाद्यं, गंजिफा आणि आंघोळीच्या वेळी पाय घासायच्या वज्री. तुमच्या-आमच्या पणजीने रोज हाताळलेल्या वस्तू.

हे सगळं जमवलं दिनकर गंगाधर केळकर यांनी. जन्म १८९६, व्यवसाय चष्म्यांचा, आणि मनाने कवी. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. त्या लेकराच्या आठवणीसाठी बापाने हे घर वस्तूंनी भरलं. गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर चढले, अडगळीत हात घातले. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. १९६२ मध्ये संग्रहालय उभं राहिलं, आणि १९७५ मध्ये केळकरांनी जन्मभराचा हा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या दिसतात. बाजीरावांनी १७३४ मध्ये मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेषही इथे आणून पुन्हा उभे केले आहेत.

आई अडकित्त्यांच्या कपाटापाशी थबकली. सुपारी कातरायचं साधं हत्यार. पण किती तऱ्हा! कुठे घोडा, कुठे पोपट, कुठे स्त्री-पुरुषाची जोडी. कारागिराने पात्याच्या धारेइतकीच काळजी पोपटाच्या चोचीचीही घेतलेली. लेकीने विचारलं, “एवढीशी सुपारी फोडायला एवढं नक्षीकाम कशाला?”

आधी फोडण्याचं शास्त्र सांगते. सुपारी दाताने फोडायला गेलं तर दात पडेल. अडकित्त्यात मात्र ती बोटांच्या जोराने तुटते, कारण तो तरफ आहे. खीळ एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला, सुपारी मध्ये, खिळीच्या अगदी जवळ. समजा सुपारी खिळीपासून दोन सेंटिमीटरवर आहे आणि तुमचा हात बारा सेंटिमीटरवर. तर तुम्ही लावलेला जोर सुपारीवर सहापट होऊन पडतो. लिंबू पिळायचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. आर्किमिडीजचं नाव न ऐकलेल्या आपल्या लोहारांना कुठल्या दांडीला किती लांबी द्यायची हे हाताने ठाऊक होतं.

आणि नक्षी? त्याचं उत्तर आईने दिलं. “अगं, पाहुणा आला की पानाचं तबक पुढे जायचं. अडकित्ता चारचौघांत निघायचा. लग्न ठरलं की आपण सुपारी फुटली म्हणतो, ते उगाच का?” घरात आल्यागेल्याचं स्वागत, देण्याघेण्याच्या बोलण्या, सोयरीक, भांडणाचा समेट, सगळं त्या पात्याच्या ‘कट्’ आवाजाच्या साक्षीने व्हायचं. एवढ्या मोठ्या प्रसंगात मिरवणारी वस्तू बोडकी कशी चालेल?

मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आमच्याकडे होता असाच. पितळी, घोड्याचा. घरातलं कुणी पान खाईना, म्हणून मोडीत दिला. त्यात स्टीलचा डबा आला.”

मोड. हा शब्द तेव्हा माझ्या मनात अडकला तो पुढचा सगळा प्रवास निघालाच नाही. दारात मोडवाला यायचा, जुनं तांबं-पितळ वजनावर जायचं, बदल्यात चकचकीत नवं यायचं. यात कुणाची चूक नव्हती. पितळेला कल्हई लागते, चिंच लावून घासावं लागतं. स्टीलने कितीतरी बायकांचे कष्ट कमी केले. पण तराजूत त्या घोड्याची फक्त पितळ म्हणून किंमत झाली. केळकरांचं मोठेपण मला तिथे कळलं. ज्या काळात सगळं गाव या वस्तू वजनावर विकत होतं, त्याच काळात एक माणूस त्या वजनावर तोलायला तयार नव्हता.

दुपारी मुलांसाठी कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहिलं. १९९८ साली सुरू झालेल्या या एका खोलीत अख्खं गाव वसवलं आहे आणि त्यात चिमुकल्या गाड्या सिग्नल पाळत धावतात. धाकट्याने वहीत दुसऱ्या प्रश्नापुढे एकच शब्द लिहिला: ‘आजोबांच्या’. त्याला जे समजायचं ते समजलं होतं.

दुष्काळी डोंगरावरची आई

तिसऱ्या दिवशी पहाटे निघून खंबाटकी उतरलो, साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला वळलो. इथे हिरवाई विरळ होत जाते. सह्याद्रीची लाव्हाची भिंत पश्चिमेला पावसाचे ढग अडवते. तिच्या माथ्यावर महाबळेश्वर चिंब होतं आणि काही तासांत आपण खटाव-माणच्या कोरड्या माळावर येतो. सिन्नरला ज्या खडकाने फुलं दाखवली, त्याच खडकाने इथला पाऊस पळवला होता.

औंधला यमाईच्या डोंगरावर, चढाच्या वाटेत, श्री भवानी संग्रहालय आहे. आत गेलात की आधी डोळ्यांवर विश्वास बसत नाही. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं. धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रं. संगमरवरी मूर्ती, हस्तिदंती आणि चंदनी कोरीव काम, युरोपातल्या गाजलेल्या कलाकृतींच्या प्रतिकृती. आणि या सगळ्यात, खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर, विसाव्या शतकातला जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर याचं ‘आई आणि मूल’.

आईने रविवर्म्यांची ‘सैरंध्री’ निवडली. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, कीचकाच्या महालात पाठवली जाणारी, अपमानाने मोडून गेलेली. आई म्हणाली, “छापील चित्रं आयुष्यभर पाहिली गं. पण हे निराळंच आहे.” निराळं असतंच. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची रंगीत चित्रं घराघरांत पोचवली. पण छापील चित्रात रंग कागदावर बसलेला असतो. तैलरंगात पातळ, पारदर्शक रंगाचे थर एकावर एक दिलेले असतात. उजेड त्यांतून आत शिरतो, खालच्या थरावर आपटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. म्हणून चित्रातली कातडी आतून उजळल्यासारखी दिसते. तो उजेड छापखान्यातून जात नाही, त्याच्यासमोर जाऊन उभंच राहावं लागतं. लेकीने मध्येच म्हटलं, “अज्ञातवासातली द्रौपदी आणि काल ते अज्ञातवासी कवी!” माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी स्वतः मूरच्या आईपाशी थांबले. हेन्री मूर १८९८ साली यॉर्कशरमधल्या एका कोळसा खाणकामगाराच्या घरी जन्मला. आई आणि मूल हा विषय त्याने आयुष्यभर सोडला नाही. रविवर्म्यांच्या चित्रात आपल्याला रेशमाचा पोत, डोळ्यांतलं पाणी दिसतं. मूर हे सगळं बाजूला ठेवतो. त्याचं मत असं की दगड कोरावा, पण तो दगड आहे हे लपवू नये. मग चेहऱ्याचे तपशील गळून पडतात आणि उरतो तो फक्त एका देहाने दुसऱ्या देहाला दिलेला आडोसा. धाकटा म्हणाला, “हिला नीट तोंड नाही, पण ही आईच आहे.” कलेच्या जाड पुस्तकांत जे पानंच्या पानं लिहिलेलं असतं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

हे सगळं इथे आणलं औंध संस्थानचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घ्यावी म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले होते. त्यांच्या छोट्या संस्थानात बहात्तर गावं. १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभारलं आणि १९३९च्या आरंभी राज्यकारभारच प्रजेच्या हाती दिला. गांधीजींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या अभियंत्याच्या साहाय्याने तयार झालेल्या राज्यघटनेत गावपंचायती कारभाराचा पाया ठरल्या.

या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. एका वर्षी राजा आपला चित्रसंग्रह लोकांसाठी उघडतो, पुढच्या वर्षी आपलं सिंहासन. मला तरी हे एकच काम वाटतं. ज्याला मत द्यायचं आहे त्याने जग पाहिलेलं असावं. आणि खटावच्या शेतकऱ्याला पॅरिस किंवा लंडन दिसणार नव्हतं, म्हणून जगातलं जमेल तेवढं त्याच्या डोंगरावर आणलं. काही मूळ, काही नक्कल. प्रतिकृतींना कमी लेखणारे लोक आहेत. पण मोबाइलच काय, रंगीत फोटोही दुर्मिळ होता अशा काळात, त्या प्रतिकृती म्हणजे दुष्काळी भागातल्या माणसासाठी उघडलेल्या खिडक्या होत्या.

पंचगंगेकाठचा समुद्रदेव

पुसेसावळीवरून कऱ्हाडला महामार्ग धरला आणि संध्याकाळी कोल्हापूर गाठलं. लग्न थाटात पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या आधी, टाउन हॉलमधलं संग्रहालय. इमारतच बघत राहावी अशी: उंच निमुळती छपरं, टोकदार कमानी. चार्ल्स मँट या ब्रिटिश स्थापत्यकाराने १८७०च्या दशकात ती बांधली.

आत एका कपाटात एक काशाची मूर्ती उभी आहे. उंची वीतभरसुद्धा नाही, जेमतेम तेरा सेंटिमीटर. दाढीवाला, उघड्या अंगाचा, बळकट पुरुष. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्र जिथून घाट ओलांडून खाली उतरल्यावर भेटतो, त्या कोल्हापुरात!

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४०च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा मातीखाली सातवाहन काळातलं गाव निघालं: विटांची घरं, भांडी, नाणी. आणि काशाच्या वस्तूंचा एक साठा, ज्यात हा पोसायडन होता. हत्तीवर बसलेल्या माणसांचं एक सुरेख छोटं शिल्पही होतं. पोसायडनची मूर्ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतली, रोमन जगातली.

आता तिसरा प्रश्न, ज्याची मुलं तीन दिवस वाट पाहत होती: तू इथवर कसा आलास?

वाऱ्यावर बसून. उन्हाळ्यात भारताची जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि तिची जागा घ्यायला अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा धावतो. हाच वारा आपला मोसमी पाऊस आणतो. हिवाळ्यात गणित उलटतं आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दर्यावर्दी लोकांना हा नेम कळला, तसा समुद्र हा येण्याजाण्याचा रस्ता झाला. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जहाजं जुलैच्या सुमारास निघायची, वारा पाठीशी घेऊन भर समुद्र ओलांडायची, भारतात माल घ्यायची आणि वारा फिरला की परत जायची. ज्या वाऱ्याची वाट आपला शेतकरी बघतो, त्याच वाऱ्याची वाट रोमचा व्यापारी बघत होता.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने या प्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ नावाने ती ओळखली जाते. तिच्यात भडोच आहे, सोपारा आहे, कल्याण आहे. घाटावरची पैठण आणि तेर ही गावंही आहेत. इकडून मिरी, तलम कापड, हस्तिदंत जायचं. तिकडून दारू, पोवळं आणि सोन्या-चांदीची नाणी यायची. रोमन लेखक प्लिनीने तर तक्रारच लिहून ठेवली आहे की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. इजिप्तमधल्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या एका रांजणात साडेसात किलो मिरी सापडली. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आणि दगडी रांजण आजही आहे. बैलांचे तांडे त्या दगडी पायवाटांनी घाट चढत. लाव्हाच्या त्याच पायऱ्या, ज्यांची गोष्ट सिन्नरला सुरू झाली होती.

ग्रीक कथांत पोसायडनच्या हातात त्रिशूळ असतो. हे ऐकून धाकट्याचे डोळे मोठे झाले. “मग इथल्या लोकांना तो शंकर वाटला असेल!” मूर्तीकडे बघत आम्ही सगळेच त्या घराचा विचार करत राहिलो, ज्याच्या देवळीत किंवा पेटीत दूरदेशीचा हा देव कुणीतरी जपून ठेवला होता. तो तिथे वितळवला गेला नाही, म्हणूनच आपल्याला भेटला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्राचीन भारतीय बौद्ध कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा कोल्हापूरचा हा पोसायडन तिथे पाहुणा म्हणून जाऊन आला. दोन हजार वर्षांत त्याने पुन्हा एकदा समुद्र ओलांडला.

तराजूत न मावणारं वजन

परतीच्या वाटेवर लेकीने वही वाचून दाखवली. दगड, अडकित्ता, चित्र, मूर्ती. चारही गोष्टींत एक धागा होता, तो तिनेच हेरला: “आई, या सगळ्या वस्तू जाता जाता वाचल्या आहेत.” खडीच्या यंत्रात जाता जाता, मोडीत जाता जाता, मातीत जाता जाता. प्रत्येक वेळी एका माणसाने वाकून ती वस्तू उचलली होती. एकदा खनिजांचं वेड लागलेल्या माणसाने, एकदा लेक गमावलेल्या बापाने, एकदा आपल्या प्रजेवर विश्वास असलेल्या राजाने, एकदा मातीचा थर न् थर हलक्या हाताने काढणाऱ्या संशोधकांनी. मोठी संग्रहालयं आपल्याला जग किती मोठं आहे हे दाखवतात. ही छोटी, आडवाटेची संग्रहालयं एक माणूस किती करू शकतो हे दाखवतात, आणि मुलांना दाखवण्यासारखं याहून मोठं मला काही माहीत नाही.

तेव्हा सुट्टी लागली की गाडी काढा. जाण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या, कारण लहान संग्रहालयांचे आपापले नेम असतात. सगळं बघायचा हट्ट धरू नका. प्रत्येकाने एकच वस्तू निवडा, तिच्यासमोर दहा मिनिटं उभं राहा आणि तिला ते तीन प्रश्न विचारा. तिथल्या कर्मचाऱ्यांनाही विचारा. विचारणारा भेटला की ते किती आनंदाने सांगतात ते बघा.

आणि घरी परतल्यावर माळ्यावरची ती पेटी उघडा. आजीचा पानाचा डबा, आजोबांची दौत, कुणाला आता नावही न आठवणारं एखादं हत्यार निघेल. घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस जवळ बसवून त्या वस्तूची गोष्ट एका चिठ्ठीवर लिहून घ्या: कशाची, कुणाच्या हातातली, इथवर कशी आली. चिठ्ठी तिच्याबरोबरच ठेवा. मोडीचा भाव काय तो कळवायला मोडवाला आहेच. पण ही गोष्ट सांगणारं माणूस आज आहे, त्याला आजच विचारा.